अर्धवट साक्ष

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची एक ठरलेली चाल आहे. उपासनेत गीत संपलं की पाळकसाहेब विचारतात, “कुणाला साक्ष द्यायची आहे का?” मग कुणीतरी उठतं, पदर नाहीतर शर्ट नीट करतं आणि सांगतं: मी आजारी होते, डॉक्टरांनी हात टेकले, मंडळीनं प्रार्थना केली, प्रभूनं उठवलं. खाली बसताना ‘हालेलूया’. सगळे म्हणतात ‘आमेन’. मुलगा नापास झाला होता, पास झाला. कर्ज होतं, फिटलं. लग्न जमत नव्हतं, जमलं. (हे शेवटचं माझ्याकडून अनेकांना ऐकायचं होतं. मी चव्वेचाळीसची झाले, आता विचारणारेही थकले.) साक्षीला शेवट लागतो, आणि तो चांगलाच लागतो. माझ्याकडे तसा शेवट नव्हता, म्हणून पावणेदोन वर्षं मी जागेवरून उठले नाही.

आई जून २०२२मध्ये गेली. त्याआधी नऊ वर्षं ती अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली होती. अशा माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. दिवसा बाई यायची, रात्री मी. आई गेल्यावर वाटलं होतं, दुःख होईल, पण झोप तरी मिळेल. ती मिळाली नाही. अंगात दोन तासांचं घड्याळ बसलं होतं, ते चालूच राहिलं. बाराला जाग, दोनला जाग, चारला जाग. एकदा दोन वाजता उठून मी तिच्या खाटेपाशी गेले आणि वाकून हात घातला, तर हाताला शिलाई मशीन लागलं. खाट भावानं आठवड्यापूर्वीच हलवली होती.

पहिला आठवडा घर भरलेलं होतं. मंडळीतून डबे यायचे, संध्याकाळी प्रार्थना व्हायची. दहाव्या दिवशी भाऊ ठाण्याला परत गेला. जाताना म्हणाला, “आता तू मोकळी झालीस ताई.” बरेच जण तसंच म्हणाले. चांगल्या मनानं म्हणाले, त्यात राग धरण्यासारखं काही नाही. पण मोकळी म्हणजे काय ते मला कळलं एका भाकरीवरून. एका भाकरीसाठी तवा तापवावा लागतो, परात घ्यावी लागते, पीठ मळावं लागतं, आणि सगळं आवरून ती एकच भाकरी ताटात घेऊन बसावं लागतं. ऑगस्टपर्यंत मी पीठ मळणं सोडलं. पाव आणि चहा. मग नुसताच चहा.

बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. मी मिरजेहून सांगलीला मार्केट यार्डात जाते, एका अडत दुकानात हिशेब बघते. रोज सकाळी वडापमध्ये, म्हणजे सीटवर भरणाऱ्या खासगी गाडीत, बसायचं, वानलेसवाडी, विश्रामबाग करत यार्डात उतरायचं, टॅली उघडायचं. सहा वाजता परत. बोलणं व्हायचं ते आकड्यांचं. शनिवारी संध्याकाळी दुकानातून निघाले की सोमवारी सकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. एका सोमवारी वडापवाल्याला ‘मार्केट यार्ड’ म्हणायला गेले तर घसा बसल्यासारखा आवाज आला. दीड दिवस न वापरल्यामुळे.

प्रार्थना? त्याचंही तेच. लहानपणापासून झोपायच्या आधी गुडघे टेकायची सवय. टेकायचे, ‘हे प्रभू’ म्हणायचे, आणि पुढचं वाक्यच यायचं नाही. राग होता म्हणावं तर तोही नाही. कोरडं. नळाला फक्त हवा यावी तसं.

२०२२चा नाताळ रविवारी आला होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात आमची कॅरल पार्टी घरोघर फिरते. दरवर्षी आमच्याकडे यायची, आई खाटेवरून एका हातानं ठेका धरायची. त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी गिटार ऐकू आली तशी मी उठून दिवा घालवला आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसले. टकटक झाली. कुणीतरी म्हणालं, “झोपल्या असतील.” मग त्या पोरांनी बंद दारासमोर एक गीत अख्खं म्हटलं, चारही कडवी, आणि गेली. उठून दार उघडावं एवढीही ताकद माझ्यात नव्हती. नाताळच्या दिवशी मी उपासनेला गेले नाही. जन्मात पहिल्यांदा.

जानेवारीत हळदीचे सौदे सुरू झाले. बाहेरच्या माणसाला यार्डात शिरल्या शिरल्या नाकात हळद भरते, शिंका येतात. आम्हाला वास येत नाही असं आम्ही म्हणतो, पण येतो. नवी राजापुरी हळद आली की दुकानाची हवाच बदलते. त्या वर्षी मला खरंच काही आलं नाही. आणि मग व्हायचं ते झालं. एका शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाची पट्टी मी दुसऱ्याच्या नावावर काढली, पैसेही तिकडे गेले. आडनाव एकच, गावं वेगळी. चौदा वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. पैसे परत आले, दोन्ही माणसं भली होती. पण शेठनी बोलावलं आणि चूक झाली याबद्दल एक शब्द न काढता विचारलं, “ताई, जेवता का?” मी रडायला लागले. हमाल, तोलाईदार, बाहेर उभे शेतकरी, सगळ्यांच्या देखत. शेठ म्हणाले, “माझ्या थोरल्या भावाला झालं होतं हे. गोळ्यांनी बरा झाला. यात लाजायचं काय, शुगर झाल्यावर लाजतो का आपण?” आणि एका मानसोपचार डॉक्टरांचा नंबर दिला. शेठ रोज सकाळी गणपतीला जाऊन मग गादीवर बसणारे. देवाची माणसं कुठं भेटतील सांगता येत नाही, एवढंच म्हणते.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी नऊ प्रश्नांचा एक कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन रमतं का, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. माझे २७पैकी १९ झाले. सांगलीचा माणूस कुठलाही आकडा आयर्विन पुलावर, जिथं कृष्णेच्या पुराचं पाणी मोजतात, लावून बघतो. तिथं ४० फुटांना इशारा आणि ४५ला धोका. मी डॉक्टरांना विचारलं, “इशारा पातळी का धोका?” ते हसले. म्हणाले, “धोक्याच्या जरा खाली. पण पाणी चढतंय.” त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल मात्र ते हसले नाहीत. उद्या सकाळी जागच आली नाही तर बरं, असं मला वाटायचं, ते मी त्यांना सांगितलं. तेव्हापर्यंत ते कुणालाच सांगितलं नव्हतं, देवालाही नाही, म्हणजे त्याला माहीत असणारच, पण सांगितलं नव्हतं. त्यांनी कार्डाच्या मागं १४४१६ लिहून दिला. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीअपरात्री कधीही लावा, मराठीत बोलतात. रक्तही तपासलं, थायरॉइड आणि बी-१२, कारण ते बिघडलं तरी माणूस असाच खचतो. थायरॉइड ठीक निघालं, बी-१२ तळाला गेलं होतं. चहावर जगणारीचं जाणारच.

गोळी सुरू झाली. पहिले आठ दिवस मळमळ आणि तोंडाला कोरड. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की त्रास लगेच जाणवेल आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, तेवढा धीर धरा. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री बाराला झोपले ते सव्वाचारला उठले. मधली दोनची जाग आलीच नाही. मी उठून चक्क मोबाइलवर तारीख बघितली.

आणि इथं मी मूर्खपणा केला.

एका घरी प्रार्थनासभा होती. आईची मैत्रीण बोलवायला आली, म्हणून गेले. बाहेरगावचे एक प्रार्थना करणारे भाऊ आले होते. नाव सांगत नाही. सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होते. माझ्यापाशी आले, काय त्रास विचारलं, मी भाबडेपणानं सांगून टाकलं. ते म्हणाले, हा निराशेचा आत्मा आहे, गोळीनं आत्मा जात नाही, आणि गोळी घेतेस याचा अर्थ तुझा विश्वास प्रभूवर कमी अन् गोळीवर जास्त. सभेतल्या सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. ज्या माणसाला आपण कुचकामी आहोत असं आधीच वाटत असतं, त्याला असं वाक्य सांगू नये. ते लगेच खरं वाटतं. मी घरी आले आणि पाकीट कपाटात आत सारलं. अकरा दिवस.

आज त्यावर विचार केला की हसू येतं, कारण मी मिरजेची आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचा दवाखाना उघडला. आमच्यासारखी कितीतरी घरं त्या दवाखान्याच्या सावलीत वाढली. माझी आजी तिथं नर्स होती, कडक इस्त्रीची टोपी घालणारी. ज्या गावावरून मी रोज वडापनं जाते त्या गावालाही त्या डॉक्टरचंच नाव. आमच्याकडे ख्रिस्ताचं नाव औषधाच्या वासाबरोबर आलं. आजी इंजेक्शन देण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायची, पण मग इंजेक्शन द्यायची. नुसती प्रार्थना करून सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवलीय, असं तिनं कधी केलं नसणार. तिच्या नातीनं गोळी टाकली हे तिला कळलं असतं तर तिनं त्या भाऊंना कोपऱ्यात घेऊन झाडलं असतं, आणि नंतर मला. पण मार्चमध्ये मला हे काही सुचलं नाही. त्या दिवसांत सुचणंच बंद असतं.

गोळी अशी एकदम तोडायची नसते. चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात बारीक झटका बसल्यासारखं व्हायचं, वीज चाटून जावी तसं. चक्कर. मग रडू, कारण नसताना, पोतं फुटून धान्य सांडावं तसं. आठव्या दिवशी मी कामावर गेले नाही. नवव्याही नाही. फोन बंद करून ठेवला.

रमजान सुरू होऊन चारपाच दिवस झाले होते. आमच्या शेजारच्या भाभी पहाटे चारला सहरीसाठी उठतात. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खिडकीसमोर आहे. माझा दिवा चारला रोज चालू असतो हे त्यांनी पाहिलं होतं, आणि तीन दिवस मी सकाळी कुलूप लावून बाहेर पडले नाही हेही. त्यांनी मुलाला पाळकसाहेबांच्या घरी पिटाळलं. “तुमच्या मंडळीतली ती हिशेबाची ताई, तिच्याकडे कुणीतरी या म्हणावं.” रोजा धरलेल्या बाईनं.

पाळकसाहेब दौऱ्यावर होते. त्यांच्या पत्नी आल्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. हातात कापडात गुंडाळलेला डबा. मला वाटलं, आता बायबल उघडतील, एखादं वचन सांगतील, मग लांब प्रार्थना. त्यांनी घर बघितलं, मला बघितलं, डबा उघडला. ज्वारीच्या दोन भाकरी, घट्ट पिठलं, कांदा. भाकरी अजून गरम होत्या. “दोन घास खा की गं,” म्हणाल्या. मी अर्धी भाकरी खाल्ली. त्यांनी तेवढ्या वेळात सिंकमधली भांडी घासली, माझ्याकडे पाठ करून, त्यामुळे मला रडत जेवता आलं. मग म्हणाल्या, “आता झोप. मी आहे बाहेर.” आणि बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या. मी दुपारी दीडपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत झोपले. उठले तेव्हा भाभी आणि त्या दारात बोलत होत्या, रोजा सुटायची वेळ झाली होती. वहिनींनी पुन्हा ताट वाढलं. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, “ऊठ, खा. लांब जायचंय.”

निघताना त्यांनी प्रार्थना केली ती एका ओळीची होती. “प्रभू, हिला झोप दे.” आणि दारातून मागं वळून, “गोळ्या कुठं ठेवल्यास? दाखव.” मी कपाटातून काढून दाखवल्या. दुसऱ्या दिवशी त्याच मला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी फारसं ऐकवलं नाही. त्या भाऊंबद्दलही काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “तुमच्या देवाचं आणि माझं भांडण नाही. पण गोळी बंद करायची असेल तेव्हा मला विचारून, हळूहळू.” पुन्हा कमी डोसापासून सुरू केलं.

वहिनींचं ते ‘लांब जायचंय’ डोक्यात घोळत होतं. कुठंतरी वाचल्यासारखं. आठवड्यानं आईचं बायबल काढलं, मोठ्या अक्षरांचं, पानापानात औषधाच्या रिकाम्या स्ट्रिप खुणेला घातलेल्या, आणि राजांच्या पहिल्या पुस्तकातला १९वा अध्याय सापडला. एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर त्याचा एवढा मोठा विजय झालेला, आणि लगेच राणी ईजबेल जिवावर उठते म्हणून तो पळतो. बैर-शेब्याला गड्याला मागं ठेवतो, एकटा रानात दिवसभर चालतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. झोपून जातो. देवदूत येतो. येऊन काय करतो? तर हात लावून जागं करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. एलीया खातो, परत झोपतो. देवदूत परत उठवतो, परत खायला देतो, कारण पुढची वाट त्याला झेपणार नाही. तुझा विश्वास कुठं गेला, असं त्याला कुणीही विचारत नाही. काल डोंगरावर अग्नी उतरवलास आणि आज हे काय, असंही नाही. दोनदा भाकर, दोनदा झोप, मग चाळीस दिवस चालणं.

संडे स्कूलमध्ये ही गोष्ट मी पन्नासदा ऐकली असेल. तिथं आम्हाला पुढचं शिकवायचे: वारा, भूकंप, अग्नी आणि शेवटी ती मंद वाणी. भाकरीपाशी कुणी थांबायचं नाही. आणि ती वाणी तरी काय करते? ‘तू इथं काय करतोस’ म्हणून विचारते, त्याचं गाऱ्हाणं दोनदा ऐकून घेते, तेही शब्दाला शब्द तेच, आणि मग त्याला कामाला लावते. त्या कामात एक असतं अलीशाला गाठायचं. म्हणजे एकट्या पडलेल्याला एक माणूस दिला. हे मला चव्वेचाळीसाव्या वर्षी दिसलं.

मी वहिनींना विचारलं, “तुम्ही ते मुद्दाम एलीयाचं म्हणालात ना?” त्या गोंधळल्या. “कसलं?” मी आठवण दिली. “अगं,” त्या म्हणाल्या, “मार्केट यार्ड काय जवळ आहे का? उपाशीपोटी वडापमध्ये चक्कर येऊन पडली असतीस.”

७ एप्रिल २०२३ला गुड फ्रायडे होता. आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पंखे फिरत असतात, बायका हातरुमालानं वारा घेतात, सहाव्या उद्गारापर्यंत मागच्या बाकांवर डुलक्या सुरू होतात. चौथा उद्गार एका निवृत्त मास्तरांकडे होता. ‘एली, एली, लमा सबख्थनी’. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. मास्तर पाच मिनिटंच बोलले. म्हणाले, हे वाक्य येशूचं स्वतःचं नाही, २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. प्राण कंठाशी आल्यावर स्वतःचे शब्द राहिले नाहीत, तेव्हा त्यानं लहानपणी पाठ केलेले शब्द उसने घेतले. आणि त्या दुपारी त्याच्या ‘का’ला वरून उत्तर आलं नाही. एवढं बोलून मास्तर खाली बसले. पुढच्या वक्त्याला तयार व्हायला वेळ लागला, म्हणून जरा शांतता झाली. माझ्यासाठी ती सबंध तीन तासांतली उपासना होती.

उसने शब्द चालतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, मनापासूनची प्रार्थना म्हणजे आपल्या शब्दांतली. मन जागेवर नसलेल्यानं काय करावं मग? ईस्टरनंतर मी स्तोत्रं वाचायला घेतली, मोठ्यानं, घरात, शनिवार-रविवारच्या त्या मुक्या दीड दिवसात तर नक्कीच. दीडशे आहेत, रोज पाच वाचली की महिन्यात संपतात. (चोविसाव्या दिवशी ११९वं येतं, १७६ वचनांचं. त्या दिवशी मी सरळ सुट्टी घेतली.) आश्चर्य वाटलं ते हे की त्यात तक्रारी किती आहेत. किती काळ, देवा? कुठवर? माझं अंथरूण आसवांनी भिजलं. माझी हाडं निखळली. आम्ही उपासनेत म्हणतो ती स्तुतीची. ही बाकीची कुणी वाचत नाही. बहुतेक स्तोत्रं शेवटी वळतात, रडून झाल्यावर एखादी आशेची ओळ येतेच. मी त्या वळणाची सवय करून घेतली होती. अठराव्या दिवशी ८६ ते ९०. त्यात ८८वं. कोरहाच्या वंशजांचं, हेमान एज्राहीचं असं वर लिहिलेलं. वाचत गेले, वळणाची वाट बघत. ते वळलंच नाही. मित्र दूर केलेस, सोबती दूर केलेस, आणि शेवटी उरतो तो अंधार. संपलं. मी पान उलटलं, मागं आले, पुन्हा वाचलं. हेमानाला कुणी ‘हालेलूया म्हण’ म्हणून परत पाठवलं नव्हतं. त्याची साक्ष होती तशी पुस्तकात घेतली होती, अर्धवट, अडीच हजार वर्षं आणि जास्तच.

त्या रात्री मी ‘हे प्रभू’ म्हणून थांबले नाही. ८८वं स्तोत्र म्हटलं, आणि झोपले.

सीझन संपल्यावर मे महिन्यात आठ दिवस साताऱ्याला मावशीकडे राहिले. मावशीला बोलायला भरपूर लागतं, मला गप्प राहायला, त्यामुळे आमचं जमतं. तिच्याकडे रविवारी संध्याकाळी पाच-सहा घरची माणसं जमून भजन करतात, पेटी आणि टाळ घेऊन. बाहेरून जाणाऱ्याला वारकऱ्यांचं वाटावं, इतकी चाल आपली. ती चाल आमच्यात आणली ती ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी. मावशीला त्यांच्याबद्दल शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायची सवय आहे: १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते इथं साताऱ्यात आले, ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, आणि दोनच वर्षांनी गेले. मला त्यातलं एवढंच कळलं की कुणा एकाचे शब्द, त्याच्यामागं शंभर वर्षांनी, माझ्यासारखीनं टाळ वाजवत म्हणायचे, आणि म्हणताना श्वास आपोआप पोटातून निघायचा. आईसारखाच मावशीचाही ठेका जरा मागं पडतो. दुसऱ्या रविवारी मला हळदीचा वास आला. मावशीच्या स्वयंपाकघरातून, फोडणीचा. मी काही बोलले नाही, नाहीतर मावशीनं त्याचीच साक्ष केली असती.

आता कसं आहे म्हणाल तर, बरं आहे, आणि काही दिवस नाही. गोळी चालू आहे, डोस कमी झालाय. पावसाळ्याच्या सुरुवातीला, आईच्या दिवसांत, पाणी चढतं. डॉक्टरांना आता ठाऊक आहे, ते मे संपता संपता बोलावून घेतात. एकटी आहे ती आहेच. पण गुरुवारी मी चार भाकऱ्या करते. दोन भाभींकडे जातात आणि त्यांच्याकडून वाटी येते, ती कधी रिकामी परत गेली नाही. कॅरल पार्टी २०२३च्या नाताळला आली तेव्हा मी दार उघडलं. पोरांनी मागच्या वर्षीचं काही काढलं नाही, करंज्या मात्र सगळ्या संपवल्या.

२०२४च्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एका रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, “कुणाला साक्ष द्यायची आहे का?” माझ्या पुढच्या बाकावर एक पोरगी बसते, कॉलेजातली, काही महिन्यांपासून तिची मान खाली असते. तिच्यामुळे असेल किंवा काय माहीत, मी उठले. पदर नीट केला. म्हटलं, “मला नैराश्याचा आजार आहे. औषध चालू आहे. मी एक स्तोत्र वाचते.” आणि ८८वं वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश. अंधार या शब्दावर थांबले आणि बसले.

आमेन कुठं म्हणायचं ते कुणालाच कळलं नाही. पंखा तेवढा वाजत होता. मग मागच्या बाकावरून मास्तरांनी उशिरा, घसा खाकरून म्हटलं, “आमेन.”

उपासना सुटल्यावर मंडळीतले एक वडीलधारे काका जवळ आले. काळजीनं म्हणाले, “बाळ, पुढचं पान वाचायचं राहिलं काय गं?”

“नाही काका,” म्हटलं, “ते तेवढंच आहे.”